नामिबियातलं शिकारीचं बोलावणं

अरे, माह्या साळ्यानं आम्हा दोघा नवरा-बायकोले नामिबियात शिकारीले बोलावलं. तिथं परवाना काढून शिकार करता येते. हरभऱ्यात रानडुकरं घुसली की मी बंदुकीच्या गोष्टी करायचो, त्यानं तेच मनावर घेतलं. सुनंदानं लगेच हो म्हटलं, बूटही आणले. मी मात्र आज सांगू, उद्या सांगू करत रायलो. शेवटी बॅग भरता भरता बोललोच, "सुनंदा, माह्याच्यानं जीव मारणं होणार नाई."

ती मटकन खाली बसली. "मंग आधी काऊन नाई सांगितलं? मी तुमची हौस म्हणून हो म्हटलं. अन् केळझरच्या गणपतीले नवस बोलून आली, यांचा बंदुकीचा नेम चुकू दे म्हून!"

दोघंही लय हसलो. मंग तिनंच भावाले फोन लावला, "दादा, आम्ही येतो. बंदुकीचं रद्द कर, अन् एक चांगली दुर्बीण पाहून ठेव."