किसनाचा खड्डा

माहेर माझं चौसाळ्याकडचं, दिलं इकडं धर्मापुरीच्या शिवारात, मेंढरावाल्याच्या घरी. किसना पहिला. बाळंतपन अडलं, लेकरू रडलंच न्हाई, आन मग मान धरना, बसना, हातपाय लाकडावानी ताठ. परळीचे डाक्टर म्हनले, मेंदूला मार बसलाय, बरं व्हायचं औषध न्हाई, व्यायाम करा. बरं व्हायचं न्हाई म्हनल्यावर मायचं मन थांबतंय का, तुमीच सांगा ताई.

काय काय केलं, काय सांगू तुमाला. एकानं सुया टोचल्या, एकानं पोटावर डागलं, ते डाग अजून हायत. तेलाच्या मालिशनं झोप लागायची, तेवढा गुन आला, पन त्याच मालिशवाल्यानं पाय सरळ करतो म्हनून असा वढला की मांडीचं हाड मोडलं. लेकरू वरडायलंय आन हा म्हनतोय, शीर सुटायली, वरडू द्या.

मग सूर्यग्रहन आलं. आमच्याकडं ग्रहनात असल्या लेकराला गळ्यापातुर मातीत पुरतेत, पाय सुटतेत म्हनून. ह्यांनी दारापुढं खड्डा खांदला, किसनाला उभा पुरला, मला तर बघवना. आन ताई, तो गप झाला. मान वर धरली, मेंढराकडं बघून हसायला लागला. आत्याबाईनं, म्हंजी माझ्या सासूनं, नारळ फोडला. ग्रहन सुटलं, वर काढला, तर पुन्हा तसाच लाकूड.

परळीच्या व्यायामवाल्या बाईला सांगितलं तर लई रागावल्या, दम कोंडून मेला असता म्हनल्या. मग इचारलं, मान कवा धरली? म्या म्हनलं, मातीत व्हता तवा. त्या म्हनल्या, मातीनं बरा न्हाई केला, नुसता धरून ठिवला. आता कंबरंपातुरच खड्डा करा, गोधडी लावा, मागून टेका द्या आन बसवूनच खाऊ घाला. तवर मी आडवा निजवून चारायची, घास श्वासात जायचा, छाती भरायची, सारखा दवाखाना. असंच चाललं तर ह्याच्यातच जाईल तो, म्हनल्या.

आत्याबाई भांडल्या, जितं लेकरू रोज खड्ड्यात घालती का गं? हे म्हनले, बस बे किसन्या, सायबाची खुर्ची हाय तुजी. तवापसून छाती कमी भरती.

आता खड्ड्याचं ऐकून लोक असली लेकरं घेऊन येतेत, इचारतेत, कंचा इलाज चांगला? मी म्हनते, सुया न्हाई, डाग न्हाई, वढावढी तर न्हाईच न्हाई, तेल हलक्या हातानं लावा, व्यायाम सोडू नका, बसवून चारा. मग चालंल का, ते इचारतेत. म्या म्हनते, न्हाई, चालनार न्हाई. उठतेत आन जातेत दुसऱ्याकडं. म्या बी अशीच उठून गेलते, कुनाला काय म्हनू.

किसनाला आता मिसरूड फुटायलंय. खड्डा दर साली मोठा करावा लागतो. माझी कंबर गेली, उचलवना. आमच्या माघारी त्याला कोन उचलंल? देवाला म्हनते, ह्याला माझ्या आधी ने रे. आन लगेच म्हनते, आज नको. आज दूधभाकर लई चांगली खाल्लीय त्यानं.