रेड्याची धडक नियमातली होती

नाही, कुणीच विश्वास ठेवला नाही माझ्यावर, वस्ताद, एकानंही नाही, आणि आता तू पहार घेऊन माझ्या दुकानात शिरतोस आणि म्हणतोस, मावशी, खरं काय ते सांग — अरे, खरं मी त्याच दिवशी सांगितलं होतं, खेळाच्या कोर्टाच्या मधोमध उभी राहून, घसा फाटेस्तोवर. रेड्याची धडक नियमातली होती. खांद्याला खांदा लागला, संपलं. इतकी वर्षं ज्या माणसाला मी पंच म्हणून शिट्ट्या मारमारून बाहेर काढलं, ज्याचा आईबापासकट उद्धार केला, त्याच्या बाजूनं आयुष्यात एकदा तोंड उघडलं, तर लोक म्हणतात, शिट्टीमावशीला भोवळ आली, तिला पाणी द्या. पाणी द्या म्हणे. बस. पहार बाहेर ठेव. नाही ठेवत? बरं, मांडीवर घेऊन बस, पण बस. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लुळा आहे — खोक्यावर बस. मला हे चाक सरळ करून द्यायचंय, गिऱ्हाईक येईल. आणि हात चालू असला की माझं तोंड जरा ताब्यात राहतं.

रेडा कुठंय ते मला काय विचारतोस, मी काय त्याची बायको आहे? त्या पडद्यामागं? पडद्यामागं ट्यूबा आहेत, जुने टायर आहेत, आणि आमचे हे आहेत — तुझी पहार बघून ते टायरांच्याही मागं गेले असतील. कण्हतंय कोण? तेच कण्हतायत. दाढ सुजलीय त्यांची, काही चावता येत नाही, सगळं पातळ करून नळीनं पाजते मी. बस म्हटलं ना.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. नियमांचा तो मोठा कागद मला वाचून दाखवावा लागला, पण एकदा ऐकला तो ऐकला. सायकलवर बसायचं, हातात काठी, तिघं इकडं नि तिघं तिकडं, चेंडू गोलात घालायचा. अंगाला अंग चालतं, काठीला काठी चालते, सायकलीला सायकल चालते. अंगाला काठी मारलीस की बाहेर. आणि पाय जमिनीला टेकला, तर कुणी बघितलेला असो वा नसो, आपलं आपण जायचं, मधल्या खांबाला काठी लावायची, मग परत खेळात. हे मी तुला कशाला सांगते, तूच शिकवतोस सगळ्यांना, वस्ताद म्हणतात ते काय उगाच. पण एक सांगू? तो रेडा, तो आडदांड, ज्यानं भिंतीवर माणसं चिरडलीत — त्याचा पाय टेकला ना, की शिवी हासडत का होईना, जायचा खांबाकडं. मी पाठमोरी असले तरी जायचा. आणि तुझी पोरं? पाय टेकला की आधी माझ्याकडं बघायची, मावशीनं बघितलं का. बघितलं नसलं की चालू. त्यांच्या मानेत घालावी ही शिट्टी, असं वाटायचं मला. पण मी गप्प कधी बसले? तुला तोंडावर सांगितलं होतं, तुझी टीम जिंकते पण बघवत नाही. तू हसलास. म्हणालास, मावशी, जिंकणं बघायचं, बाकी कशाला बघता.

तर, त्या दिवशी. अंतिम सामना, गोदामाची फरशी झाडून घेतलेली, कडेच्या फळ्यांवर माणसं लटकलेली. सामन्याआधी मी प्रत्येक सायकल हातानं तपासते, तुला माहीत आहे. ब्रेक दाबून बघते, आणि हँडलच्या दोन्ही टोकांची बुचं अंगठ्यानं दाबून बघते. हँडल म्हणजे पोकळ नळी. बूच नसलं तर ती नळी नाही, चाकू आहे, गोल चाकू. तुझ्या भावाची, कासवाची सायकल मी तपासली. दोन्ही बुचं घट्ट. तो हसत होता, म्हणाला, मावशी, जरा हळू, सायकलला गुदगुल्या होतात. कासव म्हणतात त्याला, गोल सोडून हलत नाही म्हणून, आणि स्वभावही तसलाच — कुणाच्या अध्यात ना मध्यात.

त्या दिवशी का आला असेल तो गोल सोडून पुढं? त्याच्या स्वभावातच नाही ते. चेंडू फळीला लागून सुटला, हा पुढं आला, डावीकडून रेडा आला, दोघं खांद्याला खांदा लावून घासत चालले — नियमात आहे, वस्ताद, मी ढळढळीत बघितलंय, माझ्यापासून हाताच्या अंतरावर. मग कासवानं आपलं हँडल रेड्याच्या बरगडीकडं वळवलं. तेही मी बघितलं. मला वाटलं, तोल गेला. काठ्या अडकल्या, रेड्याची काठी काडकन मोडली, कासवाचं पुढचं चाक आडवं झालं, सायकल खाली आणि हा वरून. हँडलचं टोक वर आलेलं. त्यावर हा पोटावर पडला. आवाज आला — नको, तो आवाज तुला नाही सांगत. जखम मात्र सांगते, कणकेवर वाटी दाबली की कसा गोल निघतो, तशी.

आणि रेड्यानं काय केलं? पळाला? हातातली मोडकी काठी तशीच धरून गुडघ्यावर बसला त्याच्याजवळ, त्याला उचलायला गेला. काठीला रक्त लागलं. झालं, लोकांना आणखी काय हवं होतं? मोडकी काठी, रक्त आणि रेडा. कुणीतरी ओरडलं, भोसकला. मग फळ्यांवरची माणसं खाली. काठ्या घेऊन. पहिल्या फटक्यात त्याचे दात गेले, मी दात फरशीवर घरंगळताना बघितले. जबडा असा, या बाजूला आला. तुझ्या टीममधला तो न्हावी — रोज लोकांच्या गळ्यावरनं वस्तरा फिरवतो, ओरखडा उठत नाही — तो रेड्याच्या उजव्या पंजावर उभा राहिला आणि उड्या मारल्या. उड्या. बोटं मोडल्याचं ऐकू आलं तरी थांबेना. मी शिट्टी वाजवत होते. एरवी त्या शिट्टीनं तुम्ही सगळे जागच्या जागी थिजता, त्या दिवशी ती पिपाणी झाली. मग मी कंबरेचा पाना काढला आणि न्हाव्याच्या नडगीवर घातला. लंगडतोय ना अजून? लंगडू दे. दुसऱ्याच्या कानावर घातला. हो, मी. पंच आहे, पण हात आहेत मला.

आणि तू कुठं होतास? मी त्या गर्दीत तुला शोधत होते, म्हटलं भाऊ पडलाय, हा कुठंय. तू सायकल उचलत होतास. भाऊ फरशीवर आतडी धरून, आणि तू आधी सायकल उचललीस, दारामागं नेऊन ठेवलीस. तेव्हा मला वाटलं, माणूस भांबावतो, भांबावल्यावर काय वाट्टेल ते करतो. म्हणून बोलले नाही. लोक म्हणाले हँडल दाखव, तर हँडल कुठंय? मी कशाच्या जोरावर सांगणार? बाई भांडखोर, रेड्याला रोज शिव्या देणारी, आज त्याचीच वकील झाली — काय दिलं गं त्यानं तुला, असं एकानं विचारलं. तोंडावर विचारलं.

टेम्पोतून मीच नेलं कासवाला. तुझी माणसं रेड्याला मारण्यात गुंतली होती, जखमी माणसाजवळ कोण थांबणार? फडकं पुरेना, मग मी मूठ घातली आत. ही मूठ. गरम असतं आत, तुला सांगते, आणि हलत असतं. टेम्पोवाला म्हणाला, मावशी, मला बघवत नाही. मी म्हटलं, तू रस्ता बघ, मेल्या. तो वाचला ते — नाही, अजून वाचलाय असं डॉक्टर म्हणत नाहीत. शुद्धीवर येतो, जातो. तू जातोस ना बघायला? नाही जात. बाहेरच्या बाकावर बसतोस, आत जात नाहीस. नर्सनं सांगितलं मला.

थांब. उठू नकोस. वस्ताद, पडद्याला हात लावू नकोस. तो काय करणार आहे तुला, त्याला पेला धरता येत नाही, जबडा तारेनं बांधलाय — हो. हो, आहे. आत रेडाच आहे. आमच्या ह्यांची दाढ ठणठणीत आहे. त्याच्या घराला कुणीतरी कडी लावून रॉकेल ओतलं, म्हणून मी आणला इथं, माझ्या गादीवर निजवला. तू ओतलंस का न्हाव्यानं, ते विचारत नाही. पहार खाली कर. मारायचंय? मग मारशील, मी पंचावन्नची बाई तुला अडवून किती अडवणार. पण माझ्या अंगावरनं जावं लागेल, आणि जायच्या आधी ऐकावं लागेल. मी हे सांगणार नव्हते. तुझ्या भावाला शब्द दिला होता.

टेम्पोत मी त्याला म्हटलं, कासवा, बुचं मी दाबून बघितली होती, मग एक गेलं कुठं? तर म्हणाला, मावशी, तुम्ही तपासून गेल्यावर काढलं. मी म्हटलं, कशाला रे? म्हणाला, रेडा अंगाला भिडला की उघडं टोक बरगडीत दाबायचं, रेडा बाजूला होतो, पंचाला खांदाच दिसतो. गोल सोडून पुढं जा, असं सांगितलं होतं म्हणाला. मला नको होतं, म्हणाला. शेवटच्या सामन्यापुरतं, म्हणून ऐकलं. आता हे त्याचं डोकं आहे? कासवाचं? मी विचारलं, कुणी काढलं बूच? श्वास घेतला की माझ्या मनगटापर्यंत रक्त येत होतं, आणि हा ओठ मिटून. मी ओरडले त्याच्यावर — मरणाऱ्या माणसावर ओरडले मी — म्हटलं, एका निरपराध माणसाला तिकडं ठेचतायत, नाव सांग. तेव्हा सांगितलं. आणि लगेच माझा पदर धरला, म्हणाला, मावशी, त्याला कळू देऊ नका मी सांगितलं ते, तो जिवाचं काहीतरी करून घेईल.

असा काय बघतोस. कुणाचं नाव, ते मी सांगायला हवं? जा, घाल पहार त्या आतल्याच्या डोक्यात, पण कुणाच्या वाटची घालतोयस ते ऐकून जा. त्यानं तुझं नाव घेतलं, वस्ताद.