दत्तूभाऊंचे दोन एक्के

आमच्या सेलूच्या दत्तूभाऊचं डोकं सांगतो तुमाला. गोव्याला पोकरच्या स्पर्धेत गेले अन् तासाभरात साफ झाले. परत पैसे भरून बसले. आता म्हणे कुणाला चेहरा वाचू द्यायचा न्हाई, म्हणून काळा चष्मा चढवला. लय हुशार!

पत्ते आले, तसे गावाकडच्या सवयीनं मागं उभ्या मेव्हण्याला दाखवले. "बोल बिनधास्त. इथं मराठी कुणाला कळायलीय?"

मेव्हणा ओरडला, "दोन एक्के! दाजी, लावा सगळं!"

दाजींनी लावलं. समोर एकच गडी उरलेला, हातभर गोंदवलेला, मघापासून नुसती इंग्रजी फाडणारा. तोही सगळं लावायलाच निघाला होता. त्यानं हात मागं घेतला, पत्ते फेकले अन् म्हणाला, "राम राम दाजी, आमी पिंगळीचे."