घरची कॉपी

नाही नाही ताई, हे तं झेरॉक्स झालं, मले ओरिजिनल द्या — झेरॉक्सवरून झेरॉक्स काढली का अक्षरं पुसट येतात, मंग डॉक्टर चिडतात. काय म्हणता? हेच ओरिजिनल? बरं, असू द्या. बसा त्या स्टुलावर, मशीन गरम व्हायले वेळ लागते. हा शब्द? फायब्रोअॅडिनोमा. भ्यायचं काही नाही, साधी गाठ. धंतोलीत बावीस वर्षं झाली मले, दोन्ही बाजूनं दवाखाने, पार पारशिवनीकडून लोक येतात अन् डॉक्टरनं दोन मिनिटांत काय सांगितलं ते समजत नाही म्हणून फाईल माह्यासमोर ठेवतात — गोपाळराव, याचा अर्थ काय जी? मी शिकलो किती? दहावी. पण हे शब्द पाठ. शेवटी ओ-एम-ए दिसलं का समजायचं, बहुतेक गाठच. लायपोमा — चरबीची गाठ, राहू दे पडून. हिमॅटोमा — मार लागून आत साकळलेलं रक्त. ग्लॉकोमा — तो डोळ्याचा, गाठबिठ नाही, तरी शेपूट तेच. फायब्रोअॅडिनोमा — छातीतली साधी गाठ, तरण्या पोरींले होते. अन् मंग दुसरे. लिम्फोमा. सार्कोमा. कार्सिनोमा. त्यांचा अर्थ मी काउंटरवर नाही सांगत. शेपूट सारखंच हो साऱ्यांचं — म्हणून तं काम सोपं होते.

कोणतं काम? काही नाही. पाणी घेता काय?

रिपोर्ट कोणाचा, सासूबाईचा? तुमचा? लॅबमधून कोणी आणला होता — मिस्टरनं? तुम्हाले नाही नेलं सोबत. हं. अन् आता वाढल्यासारखी वाटते म्हणून दुसऱ्या डॉक्टरले दाखवायचं, त्यायले न सांगता. थांबा, उजेडात धरू द्या जरा. ही कडेची काळी रेघ पाहून राहिलो. वरून खालपर्यंत, बारीक. माह्या मशीनच्या काचेवर ओरखडा आहे नं, इथून निघालेल्या प्रत्येक कागदावर येते ती. लॅबच्या कागदावर कशी येईन? — काही नाही ताई, मी माह्याशीच बोलून राहिलो. तारीख नोव्हेंबरची. डिसेंबर, जानेवारी… हा फेब्रुवारी. ऑपरेशन काहून नाही केलं मंग? पोरीची बारावी होऊन जाऊ दे, असं म्हणाले? साधीच तं आहे, असं म्हणाले?

असं आहे, घरची मंडळी येतात. हात जोडतात. गोपाळराव, पेशंटले सांगायचं नाही, धसका घेईन, एक घरची कॉपी करून द्या. इकडे तसंच चालते, डॉक्टरले खरी फाईल, पेशंटले घरची. मी काय करतो — त्या एका शब्दावर पांढरी पट्टी चिकटवतो, पट्टीवर दुसरा शब्द छापलेला, अन् काढतो झेरॉक्स. नाव, वय, सही, सारं तेच. वाईट काय आहे त्यात? माणूस जेवते तरी सुखानं. तुम्ही अशा काहून पाहून राहिल्या माह्याकडे? पहिली पट्टी मी कोणासाठी कापली माहीत आहे? सुभद्रासाठी. माही बायको. भैरवीचं लग्न ठरलं होतं, म्हटलं पोरीचं लग्न होऊ दे, मंग सांगू, मंग नेऊ. तिच्यासाठी केलं म्हणतो मी लोकांले — खोटं आहे. मी भ्यालो होतो, ताई. तिनं तो कागद घडी करून देवघरात ठेवला. वरातीत नाचली. गाठ वाढली तं मले म्हणे, वाढू द्या हो, कागदावर साधी लिहिली आहे नं. लग्न झाल्यावर नेलं तं डॉक्टर म्हणाले, चार महिने काय करून राहिले होते? शेवटी शेवटी खरी फाईल तिच्या हाती लागली. वाचता येत होतं तिले. वाचली, माह्याकडे पाह्यलं, अन् फाईल उशीखाली ठेवून दिली. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

तरी अजून काहून करतो म्हणता? लोक रडतात समोर, नाही म्हणवत नाही. अन् — खरं सांगू? दर वेळी असा एखादा नवरा आला का मले वाटते, मी एकटाच नव्हतो तसा.

तुमचे मिस्टर — चष्मा आहे? बोलता बोलता रुमालानं पुसतात? नाही, मी नाही ओळखत. किती लोक येतात दिवसाले. पट्टीखाली काय होतं ते मले आठवत नाही.

आठवते. आठवते, ताई. पण माह्या तोंडून नाही. तो कागद चुरगळू नका असा. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर लॅब आहे, सातले बंद होते, साडेसहा झाले. स्वतः जा, स्वतःचं नाव सांगा, ओरिजिनल मागजा. घरी फोन मंग. अन् ते देतील ना, तो कागद दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नका — माह्याही नाही.

मशीन बंद केली मी. बसून काहून राहिल्या अजून? जा वं माय, जा.