बबन भावजींचा खाडा

चौऱ्याऐंशी साल, सहा फेब्रुवारी, सोमवार. मी दारात बसून तांदूळ निवडत होते. तेवढ्यात आमचे बबन भावजी ड्युटीवरून आले, जेवले, ताट घासून ठेवलं आणि जाता जाता म्हणाले, वहिनी, उद्यापासून माझा खाडा धरा. मी मान वर न करता विचारलं, किती दिवसांचा. ते म्हणाले, लांबचा. माझे हात सुपातच राहिले.

पण हे असं मधूनच सांगून तुम्हाला कळायचं नाही, थोडं मागून सांगते. मी मूळची सातारा जिल्ह्यातली, कोरेगावच्या बाजूची. लग्न झालं आणि बहात्तरच्या दुष्काळात आमचे मालक इकडे तुर्भ्याच्या कारखान्यात लागले, म्हणून मीही आले. तेव्हा इथे काय होतं, खाडी, भातशेती, मिठागरं आणि मधेच उभे राहिलेले कारखाने. शिरवणे गावात एका आगरी बाईंकडे भाड्याने खोली घेतली आणि वर्षभरात मी खानावळ सुरू केली. हौस म्हणून नाही. आजूबाजूला एकटे पुरुष राहत होते आणि त्यांना जेवायला लागत होतं, एवढंच.

त्यातले निम्मेअधिक आमच्याच भागातले, फौजेतून सुटून आलेले. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत असतो, काय सांगू तुम्हाला, पोरगं उंच झालं की भरतीला पळालंच. पंधरा-सतरा वर्षं काढून पेन्शनीत येतात तेव्हा चाळिशीसुद्धा झालेली नसते, मग कारखान्याच्या गेटवर वॉचमन. सकाळी रात्रपाळी सुटली की माझ्याकडे ओळीने जेवायला बसायचे, ताठ. घरमालकीण बाई हसायच्या, म्हणायच्या, गो, तुजी खानावल हाय का मिलट्रीचं ठानं?

बबन भावजी म्हणजे मालकांचे धाकटे भाऊ. पाठीला पाठ लावून आलेले, पण स्वभाव उलटा. मालक गप्प, हे बोलके. बायको कमल आणि दोन मुली गावी. इथे हे केमिकलच्या कारखान्यावर गेट सांभाळायचे. म्हणायचे, वहिनी, लडाखला शत्रूवर नजर ठेवत होतो, आता ड्रमांवर ठेवतो, एकही ड्रम पळून गेला नाही अजून.

आता खाडा म्हणजे काय, तर मेंबर जेवायला येणार नसेल तर आदल्या दिवशी सांगायचं, म्हणजे तेवढं अन्न मी कमी रांधते. हा माझा नियम फार कडक. एकदा बबन भावजी न सांगता ठाण्याला गेले होते आणि त्यांचा भात उरला, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत मी त्यांना बोलले. म्हटलं, दीर असा नाहीतर देव असा, अन्न वाया गेलेलं मला चालत नाही. सगळी पंगत हसली. ते लाजले. तेव्हापासून त्यांनी कधी चुकवलं नाही.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर दळवी म्हणून एक गृहस्थ जेवायला यायला लागला. इस्त्रीचे कपडे, सगळ्यांना साहेब म्हणणार. बाहेरदेशी वॉचमनची नोकरी आहे म्हणे, पण फौजेत राहिलेलाच माणूस पाहिजे. मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं. गेट उघडायला आणि लावायला फौजेतला माणूसच कशाला.

मग पाटणकर साहेब आले. सरकारी खात्याचे, साध्या कपड्यातले. त्यांनी सुटीच्या दिवशी माझ्याच अंगणात सगळ्यांना बसवून समजावलं. म्हणाले, कागदावर वॉचमन लिहितात, तिकडे विमानातून उतरलं की पासपोर्ट काढून घेतात आणि हातात रायफल देतात. त्या देशाची शेजाऱ्याशी लढाई चालू आहे. तिकडे कोणी मेलं तर आम्हाला कळणारसुद्धा नाही, आणि परक्याच्या फौजेसाठी माणसं गोळा करण्याविरुद्धचा कायदा इंग्रजांच्या वेळेपासून आहे. कसलाही कागद मिळाला तर आधी आम्हाला दाखवा.

बबन भावजी उठून म्हणाले, साहेब, सरकारनेच आम्हाला सतरा वर्षं रायफल धरायला शिकवलं, आता म्हणता धरू नका. दुसरं काही शिकवलं असतंत तर तेच केलं असतं. साहेब हात धुऊन पानावर बसले. पिठलं-भाकरी खाल्ली, चांगलं झालंय म्हणाले, आणि जाताना मला एका बाजूला घेऊन फोन नंबर दिला. म्हणाले, बाई, तुमच्याकडून कोण कधी जातो ते तुम्हाला सगळ्यात आधी कळेल.

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. त्या सोमवारी लागला.

कारण बघा, दळवीने बजावलं होतं की घरच्यांनासुद्धा पत्ता लागू द्यायचा नाही. भावजींनी सख्ख्या भावाला सांगितलं नाही, कमलला कळवलं नाही. पण खाडा मात्र दिला. त्यांच्या मागोमाग निकम आले, तेही जुने फौजीच, तेही तसंच म्हणाले, वहिनी, उद्यापासून माझाही खाडा.

मी तांदूळ तसाच ठेवला. माया, जिव्हाळा असं काही मी सांगणार नाही. माझ्या डोळ्यांपुढे कमल आली, तिच्या दोन मुली आल्या, आणि हा माणूस तिकडे मेला तर त्या तिघी माझ्याच दारात येऊन बसतील हेही आलं. खरं ते सांगितलेलं बरं. चपला घातल्या, वाण्याच्या दुकानात गेले आणि फोन केला. म्हटलं, उद्या दोघं जातायत. नावं सांगितली. वाणी साखर तोलत होता, त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी विमानतळावरच दोघांना अडवलं. त्रास दिला नाही, चहा पाजला म्हणे, पासपोर्ट ठेवून घेतले आणि घरी पाठवलं. दळवी पुन्हा कोणाला दिसला नाही. पण भावजींनी इथली नोकरी आधीच सोडली होती. तिथे दुसरा माणूस लागला होता. पुढे ते दिघ्याला ठेकेदाराकडे लागले, अजून तिथेच आहेत. दाढी पांढरी झालीय. घरात लग्नकार्य असलं की येतात, मालकांशी बोलतात, माझ्या हातचं पाणी घेतात. जेवत नाहीत.

दिघ्याचेच दोघं जण त्याआधी असेच बाहेरदेशी गेले होते. एक परत आला, त्याने स्लॅबचं घर बांधलं. दुसऱ्याचा अजून ठावठिकाणा नाही, त्याची बायको बाजारात भाजी विकते. भावजी रोज त्या स्लॅबच्या घरावरून कामाला जातात. मी बाजारात गेले की त्या बाईकडून भाजी घेते. आम्ही दोघं वेगवेगळं बघतो, दुसरं काय म्हणू. कमल माझ्या पाया पडते, तेव्हा मी पाय मागे घेते. अडवलं याचं मला वाईट वाटत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा अडवीन. पण कशावरून अडवलं ते गिळवत नाही. खाडा सांगायचा हा माझ्याच धाकाने शिकलेला शहाणपणा होता.

त्या दिवशी विमानतळावरून भावजी दुपारी आले. दारातच उभे राहिले, बॅग खाली ठेवली नाही. म्हणाले, वहिनी, मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं.

मी म्हटलं, हो.

तुमचा भात वाया जाऊ नये म्हणून सांगितलं होतं, म्हणाले. आणि वळले. मालक कामावर होते. मी आत या म्हटलं नाही, कसं म्हणणार.

खाडा संपला असं काही त्यांनी सांगितलं नव्हतं. नियमाने त्यांचं ताट धरायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, चूल पेटवली आणि त्यांच्या वाटणीचा तांदूळ धरून भात टाकला. पाळी सुटली, मेंबर आले, जेवले, गेले. एकाने विचारलं, वहिनी, भात उरलाय का, वाढा थोडा. मी म्हटलं, नाही उरला. पंगत उठल्यावर पातेलं घेऊन मागच्या बांधावर गेले, त्यांच्या वाटणीचा भात ओतला, आणि पातेलं घासायला बसले.