चेन आता वाजत नाही

…नाही, नाही मिस्त्री, झाकण उघडायचं कामच नाही. तुम्ही बसा जरा. चेन वाजत होती हे खरं, सकाळी गार इंजिन चालू केलं की डब्यात खिळे हलवावेत तशी वाजायची, पण आता नाही वाजत—ऐकलंत ना, आत्ता तुमच्या दारात आणून उभी केली तेव्हा? गप्प. कशी काय थांबली? थांबली आपोआप. तुम्हीच सांगायचात ना बाबांना, टेन्शनर म्हणजे काय, एक स्प्रिंग आणि तेलाच्या दाबावर पुढे सरकणारी दांडी, ती टायमिंग चेनला ताणून धरते—मग तेल नवं घातलं, दाब वाढला, दांडी सरकली, आवाज गेला. आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात, पण एखाद्याचा जातो की पटकन. माणसाचा जातो, मग इंजिनाचा का जाऊ नये?

हे बघा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा. मला तुमच्याकडून काम काहीच नको—नुसता एक फोन करा. धाकट्याला. ‘गाडी बघितली, ठणठणीत आहे, घेऊन जा’—एवढंच. उद्या तो ही गाडी घेऊन घाट उतरणार आहे, आणि म्हणतो, दादा, एकदा मिस्त्रींच्या नजरेखालून जाऊ दे. मिस्त्रींच्या, हं. इतकी वर्षं ही गाडी धुतली कुणी, तेल बदललं कुणी, बाबा अंथरुणाला खिळल्यावर बॅटरी उतरू नये म्हणून रोज खाली जाऊन चालू केली कुणी? मी. आणि बाबांनी जाताना चावी कुणाच्या तळहातावर ठेवली? ज्याला तेल बघायची पट्टी कुठून काढतात ते माहीत नाही त्याच्या. आयत्या बिळावर नागोबा. मी काही बोललो? नाही बोललो. वाईट वाटलं? वाटलं, दगड आहे का मी? बायको म्हणाली, जाऊ द्या हो, दोन सीटची गाडी, आपल्या चौघांच्या काय कामाची—तिचंही बरोबर आहे, पण ते जेवायला बसल्यावर बोलायचं शहाणपण. संध्याकाळी तो कोपऱ्यावर वळतो ना, तेव्हा शेजारीपाजारी गॅलरीत येऊन बघतात, आणि मला न बघता कळतं त्यानं गिअर चुकीचा टाकलाय. मी खिडकी लावून घेतो.

उघडलंतच ना बोनेट? टॉर्च कशाला मारताय तिथे? ते ओलं दिसतंय ते तेल ओतताना सांडलं असेल. बोल्ट? नवा कुठला, पुसला की सगळेच नवे दिसतात. लांब आहे म्हणजे काय, लांबच लागतो ना, आखूड बसवला तर चेनला दाबणाऱ्या पट्टीला टेकतच नाही, मी आधी आखूडच—म्हणजे, आखूड असता तर टेकला नसता, असं म्हणतोय मी.

बरं, बसवला मी. झालं समाधान? टेन्शनरची स्प्रिंग काढली, दांडी काढली, आणि तिच्या जागी साधा बोल्ट आवळला. गाडी विकायला काढली की किती गॅरेजवाले हेच करतात, तुम्ही नसाल करत, सगळेच कुठे तुमच्यासारखे सोवळे असतात. चेनला हलायला जागाच नाही, मग वाजणार कशी? प्लास्टिकच्या पट्टीवर घासते, हो. पट्टी झिजते, हो. पण नुसतं गावात फिरलं तर काय होणार आहे? काही नाही होणार, निदान लगेच नाही. होणार ते उतारावर—खालच्या गिअरमध्ये, इंजिन जिवाच्या आकांतानं फिरत असताना पट्टी तुटणार, चेन दात सोडणार, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार, इंजिन जागच्या जागी जाम होणार—मग ब्रेकचं पेडल कडक, स्टिअरिंग कडक, आणि वळणं तर तिथे एकामागून एक, कठडाही धड नाही… म्हणजे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतोय. नाही विचारलंत? चेहऱ्यानं विचारलंत की. आणि होईलच असं कोण म्हणतंय, नाहीही होणार, तो हळू चालवेल, उतरेल सुखरूप. मी काय केलंय, मी फक्त आवाज बंद केलाय. तो आवाज मला झोपेतही ऐकू यायचा हो.

थांबा. त्याचाच फोन आलाय. घ्या, तुम्हीच बोला, घ्या ना—हाताला तेल लागलंय तर पुसा की. बरं, राहू दे, मीच—हं, बोल रे. हो, गॅरेजमध्येच आहे… काय?… छे, मी कशाला, तू चालव. तुझी आहे ती… मला जमते म्हणून काय झालं, तुलाही जमेल… बाबा असं म्हणाले होते? कधी? मला नाही कुणी सांगितलं… नाही, मी नाही येत. मला काम आहे उद्या… मिस्त्री? ते कामात आहेत. अगदी त्यांनाच विचारायचंय का तुला?… हं… हो, मी बघितली… मी सांगतोय ना. ने तू.

म्हणत होता, दादा, उद्या तूच चालव, मी शेजारी बसतो, घाटात माझे हात कापतात. आणि बाबा त्याला म्हणाले होते, गाडी तुझी, पण दादानं हो म्हटल्याशिवाय लांब न्यायची नाही. हे मला आज सांगतोय, एवढ्या महिन्यांनी, असं सहज, दूध आणायला सांगावं तसं. मिस्त्रींचं राहू दे म्हणाला, तू बघितलीस ना, मग झालं. माझ्या शब्दावर चाललाय. आणि मी काय म्हणालो? ने म्हणालो. तुम्ही ऐकलंत. आता काय करू, परत फोन करून काय सांगू—बोल्ट मी बसवला म्हणून सांगू? मग? मग जन्मभर त्याच्यासमोर उभा कसा राहू? नाही. बोलून गेलो ते गेलो. बोनेट लावा तुम्ही. तुमचा काही संबंध नाही ह्यात, तुम्ही त्याच्यापाशी तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही, सुटलात—लावा म्हणतोय ना बोनेट. फोन कशाला काढलात? मिस्त्री, कुणाला लावताय? ठेवा तो खाली. तो उचलेल हो लगेच, तो कुणाचाही फोन उचलतो, ठेवा म्हणतोय ना, मिस्त्री—