दुसऱ्या बोअरची जागा

माझं सगळं बदललं तो क्षण मला पक्का ठाऊक आहे. गेल्या वर्षीचा एप्रिल, रविवारची सकाळ, याच सोसायटीचं पार्किंग. तुमच्या स्कूटरींच्या मधोमध मी अनवाणी उभा होतो, तळहातावर नारळ आडवा ठेवलेला, आणि बघता बघता तो शेंडी वर करून उभा राहिला. त्याआधी मी कॉलेज सोडलेला एक रिकामटेकडा होतो. त्यानंतर कोण झालो, ते तुम्ही मागच्या फलकावर लिहिलंच आहे. 'जलदूत'.

असो. आधी रीतीप्रमाणे.

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष, या सोसायटीचे चेअरमन, निवृत्त अभियंता माननीय किशोरराव खैरनार साहेब. वेळात वेळ काढून व्यासपीठावर आलेल्या नगरसेविका प्रतिभाताई. पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेले माझे मामा, सायखेड्याचे फकिरामामा. इंदिरानगरच्या सर्व बंधू-भगिनींनो. आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसलेली तृप्ती. तिचं नाव वेगळं का घेतलं, ते पुढे येईल. अध्यक्षसाहेबांची मुलगी म्हणून घेतलं, असं तूर्त समजा.

तुम्ही मला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत. मे महिन्यात शाल. मघाशी काढायला गेलो तर प्रतिभाताईंनी पुन्हा खांद्यावर घट्ट बसवली. म्हणाल्या, "राहू दे रे, फोटो बाकी आहेत." म्हणून शालीतूनच बोलतो.

आजचा बेत सगळ्यांना माहीत आहे. माझं बोलणं झालं की आपण सगळे खाली जायचं, याच सत्काराच्या नारळाने मी दुसऱ्या बोअरची जागा दाखवायची, आणि मग अल्पोपाहार. बोअरची गाडी गेटवर येऊन उभी आहे. पहिल्या बोअरची धार या उन्हाळ्यात करंगळीएवढी झाली, तरी तुम्हाला माझा राग आला नाही. उलट म्हणालात, "पोराने पाणी दिलं होतं, आपणच ते गाड्या धुण्यात घालवलं." मंडळी, पाणी लागलं तर श्रेय माझं आणि आटलं तर दोष तुमचा. इतकं माफ करणारी माणसं कुणाच्या वाट्याला येतात? माझ्या वाट्याला आलीत. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण वर्षभर मला त्यामुळे श्वास पुरत नाही.

परिचय करून देताना कुणीतरी म्हणालं, 'यांनी शिक्षणाचा मोह सोडला.' मोह कसला? दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या परीक्षेत लंबकाचा प्रयोग होता. माझं उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी जुळेना. परीक्षक म्हणाले, "पुस्तकातलं लिही आणि हो पुढे, सगळे तेच करतात." मी म्हटलं, मग हा लंबक कशाला टांगलाय, तोरण म्हणून? शब्दाने शब्द वाढला. मी जर्नल टेबलावर फेकलं आणि दार असं आपटलं की वरची काच निखळली. पुन्हा त्या इमारतीत गेलो नाही. तृप्ती शेजारच्याच टेबलावर होती. तिचंही उत्तर जुळत नव्हतं. तिने लंबक काढला, पुन्हा टांगला, तेव्हा कळलं की गाठ सरकत होती. तिने गाठ घट्ट केली, पुन्हा मोजलं. ती एम.एस्सी. झाली. मी जलदूत झालो.

घरी तोंड दाखवायची सोय नव्हती, म्हणून मामांकडे सायखेड्याला गेलो. मामा पंचक्रोशीतले नावाजलेले पाणाडे. विहीर खणायची, बोअर मारायचं, की आधी फकिरामामांचा नारळ. मी त्यांची मोटारसायकल चालवायचो. एकदा विचारलं, मामा, आजवर कोरडी किती गेली? मामा म्हणाले, "कोरडी कोन मोजीत बसलंय? लागलं तर आपलं, नाय लागलं तर त्यांच्या नशिबाचं." मामा, हसू नका, तुम्ही म्हणाला होतात. मी मात्र तेव्हापासून कोरड्या जागाही लक्षात ठेवायला लागलो. लागलेल्यांपेक्षा त्याच जास्त भरतात. पण कोरड्या बोअरचा सत्कार कुणी करतं का? तिथे फलक लागतो का? तिथला माणूस गुपचूप खड्ड्यावर दगड ठेवतो आणि गप्प बसतो.

गेल्या एप्रिलमध्ये तुमचं बोलावणं आलं तेव्हा मामा तापाने पडले होते. मला म्हणाले, "तू जा. नारळ धर, गंभीर तोंड कर. लय बोलू नको." इंदिरानगर म्हटल्यावर मी लगेच निघालो, कारण तृप्तीचं घर इथेच. खरं सांगायला आता लाज कसली? मी पाण्यासाठी आलोच नव्हतो.

आल्यावर कळलं की माझ्या आधी तिचंच मशिन येऊन गेलंय. कंपाउंडभर तिने लोखंडी सळया ठोकल्या, जमिनीत करंट सोडला, आकडे घेतले. तुमच्यातले कुणी विचारत होते, "बाळ, शॉक तर नाही ना लागणार?" तिने सभेत सांगितलं की पार्किंगखाली पाण्याची शक्यता कमी आहे, बोअर मारायचंच असेल तर मारा, पण त्याआधी छतावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवा. तेव्हा अध्यक्षसाहेब, आपणच म्हणालात, "शक्यता म्हणजे काय? हो की नाही, ते सांग." तिच्याकडे तसं उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं. नारळ कधी 'शक्यता' म्हणत नाही. तो आडवा राहतो, नाहीतर उभा.

उभा राहिला. पाणी लागलं. फवारा दुसऱ्या मजल्यापर्यंत उडाला, तुम्ही पेढे वाटलेत. आणि पुढच्या सभेत तिला म्हणालात, "काय गं, मशिन हरलं ना?" ती काय म्हणाली होती, आठवतं? नाही आठवणार. ती म्हणाली, "माझा अंदाज चुकला. कमी शक्यता म्हणजे शून्य नव्हे. पण छताचं पाणी मुरवलं नाहीत तर हे पाणी टिकणार नाही." चुकलं असं कबूल करणाऱ्या माणसावरचा आपला विश्वास उडतो. मी कधी चुकतच नाही, म्हणून माझा सत्कार.

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा 'धार बघायला' इथे का यायचो, हे निम्म्या हॉलला माहीत आहे. उरलेल्या निम्म्यांना आता कळलं.

एका दुपारी तृप्ती म्हणाली, "समर्थ, हात तूच हलवतोस. तुला कळत नाही, एवढंच." मी चिडलो. मी लगेच चिडतो. म्हटलं, सिद्ध कर. तिने ओढणीने माझे डोळे बांधले, कोपराला धरून गोल गोल फिरवलं आणि म्हणाली, आता चाल. अध्यक्षसाहेब, आपण तेव्हा नाशिकरोडला लग्नाला गेला होतात. हे सगळं सांगायची तिची परवानगी आहे. 'सांग, पण प्रयोग नीट सांग,' एवढीच अट. तर नीट सांगतो. दर फेरीला नारळ वेगळ्याच जागी उभा राहिला. लागलेल्या बोअरवरून गेलो, तिथे आडवाच. वॉचमन मंगळूच्या खाटेपाशी उभा. मंगळू म्हणाला, "दादा, खाटेखालीच बोअर मारा, उठायला तरी नको." आणि एकदा नारळ उभा राहिला, मी ओढणी काढली, तर समोर तीच. ती हसली नाही. तिने खडूने तिथेही फुली मारली.

हे मी गेल्या आठवड्यात कमिटीला सांगितलं. म्हटलं, मला दुसऱ्या बोअरला बोलावू नका. तृप्तीचं म्हणणं आहे की त्याच आवारात दुसरं भोक पाडलंत तर ते पहिल्याचंच पाणी ओढेल, आणि दोन्ही कोरडी पडतील. तर वत्सलाबाई म्हणाल्या, "अरे, डोळे बांधल्यावर हाताला तरी कसं दिसणार रे बाबा?" दुसरे म्हणाले, "बघा किती विनय आहे!" आणि सत्काराची तारीख ठरली. मी जितकं नाही म्हणतो तितका मी मोठा होतो. सांगा, यातून माणसाने बाहेर कुठून पडायचं?

मग अध्यक्षसाहेबांनी चहाला बोलावलं. साहेब, हे आपण घरात बोललात आणि मी माइकवर सांगतोय, हा माझा आगाऊपणा आहे. दोन वर्षांपूर्वी आपण मला जिन्यातून परत पाठवलं होतं. "बीएस्सी पूर्ण कर, मग या घराची पायरी चढ." परवा चहात साखर घालत म्हणालात, "शिक्षणाचं काय एवढं! हातात गुण पाहिजे. दुसरं बोअर लागू दे, मग तृप्तीचं बघू."

मी खाली उतरलो तर ती जिन्यात उभी होती. म्हणाली, "बाबांनी माझ्या शब्दावर नारळ ठेवला, ते मी सोसलं. तू सगळं डोळ्यांनी बघितलंयस. तू जागा दाखवलीस तर पुन्हा माझ्याकडे येऊ नकोस." म्हणजे पाणी दाखवलं तर सासरा मिळतो आणि मुलगी जाते. नाही दाखवलं तर जिना बंद. दोन्हीकडून कडी.

म्हणून ठरवलं, वाद घालायचाच नाही. तुमच्या डोळ्यांदेखत दाखवायचं. हा पहा तुमचाच नारळ. आडवा ठेवला. आपण पहिल्या मजल्यावर आहोत, खाली लादी, लादीखाली व्यायामशाळा. इथे पाणी असायचं कारण नाही. बघा. मी मुद्दाम काही करत नाही... बघा, कलला... उभा राहिला. झालं? पटलं आता?

टाळ्या कशाला वाजवताय?

काय म्हणालात? मोठ्याने बोला. 'वर गच्चीवर टाकी आहे, शेंडी वरच दाखवतेय'? अहो, टाकी सकाळपासून रिकामी आहे! टँकर आलेला नाही. मंगळू, सांग यांना. ऐका, "रिकामीच हाय" म्हणतोय. काय साहेब? 'ओल तर असेलच ना'?

ओल.

बरं. आता मी वाद घालत नाही. मामा, तुम्ही का डोळे पुसताय? तुम्हाला तरी... जाऊ द्या.

एक गोष्ट मात्र मला आत्ता, या टाळ्यांमध्ये कळली. मी या हॉलमध्ये असेपर्यंत तुम्ही माझ्या हाताकडेच बघणार. मी खरं बोललो तरी हाताकडे, खोटं बोललो तरी हाताकडे. छतावरच्या पाण्याचा ठराव आजच्याच विषयपत्रिकेत शेवटी आहे, आणि तो वाचायच्या आत तुम्ही सगळे माझ्यामागे खाली उतराल. तेव्हा मी खाली जागा दाखवायला येणार नाही. आजच नाही, कधीच नाही. तृप्ती, तू पुढे ये. माझ्यामागे येऊ नकोस, हे लोक तुझं ऐकेपर्यंत इथेच थांब. ते पुन्हा विचारतील, हो की नाही. तू पुन्हा शक्यताच सांग. साहेब, जिन्याचं मला समजलं. चढणार नाही.

प्रतिभाताई, शाल खुर्चीवर ठेवतो, फोटो पुरेसे झाले. नारळ मात्र घेऊन जातो. ठेवून गेलो तर तुम्ही आणखी कुणाच्या तरी हातावर ठेवाल. गेटवरच्या गाडीवाल्याला मी काही सांगणार नाही, ते तुमच्या ठरावाचं काम.

वर्षभर तुम्ही मला जेवू घातलंत, मान दिलात, माझ्या येण्याची वाट पाहिलीत. इतका जीव मला कुणी लावला नव्हता. त्याबद्दल मनापासून आभार. थोरामोठ्यांसमोर तोंड सोडून बोललो, घरातलं चारचौघांत आणलं, मामांच्या फेट्याचा मान राखला नाही. लहान समजून पोटात घाला.

माइक खाली ठेवतो. मधल्या रस्त्याने चालत दारापर्यंत जातो आणि दार माझ्यामागे लावून घेतो. या खेपेला आपटणार नाही. तरी आवाज आलाच, तर तो दाराचा समजा आणि मागे वळून बघू नका. समोर तृप्ती उभी असेल.